‘अजून एकच टर्न’ : साम्राज्य उभारावे, झोप राखावी

संगणकावरील बहुतेक खेळ हाताच्या चपळाईचे असतात. डोळ्यांनी पाहायचे, बोटांनी झपाट्याने उत्तर द्यायचे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ मध्ये आणलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ मात्र बुद्धिबळाच्या कुळातला आहे. इसवी सनपूर्व ४००० या वर्षी आपल्या हाती एक छोटी टोळी येते. तिच्यासाठी जागा शोधावी, गाव वसवावे, शेती, लिपी, नौकानयन असे एकेक ज्ञान मिळवावे आणि हजारो वर्षांचा प्रवास करत अंतराळयुगापर्यंत पोहोचावे, असा हा पट आहे. आपली खेळी झाली की प्रतिस्पर्धी संस्कृतींची खेळी होते, मग पुन्हा आपली. या प्रत्येक खेळीला खेळणारी मुले ‘टर्न’ म्हणतात.

वाचकहो, कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात या खेळाचे डावपेच कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे, की या खेळाबद्दल घरात दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. मुले विचारतात, ‘जिंकायचे कसे?’ आणि पालक विचारतात, ‘थांबायचे कधी?’ हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्याला या खेळाची नीती कळली, त्याला थांबण्याची नीतीही कळू शकते. येथे आपण २०१६ साली आलेली आणि आजही घरोघरी खेळली जाणारी सहावी आवृत्ती समोर ठेवून दोन्हींचा विचार करू.

पहिले गाव कोठे वसवावे?

मानवी संस्कृती नदीकाठी फुलल्या, हे आपण शाळेत शिकलो. हा खेळ तेच गणिताने सांगतो. पटावरील षटकोनी घरांपैकी नदीला किंवा तळ्याला लागून असलेल्या घरावर गाव वसवले, तर राहण्याच्या सोयीचे, म्हणजे ‘हाउसिंग’चे ५ गुण मिळतात. समुद्रकिनारी ३ मिळतात आणि पाण्यावाचून केवळ २. गावाची लोकसंख्या या आकड्याच्या जवळ आली की वाढ मंदावते. म्हणून गोडे पाणी हा पहिला निकष मानावा. त्यात टेकडीची जागा मिळाली तर गावाच्या संरक्षणाला बळ मिळते आणि उत्पादनालाही हातभार लागतो.

मात्र सर्वोत्तम जागेच्या शोधात चार-पाच टर्न भटकू नये. प्रतिस्पर्धी तोवर वसलेले असतात. पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या टर्नला गाव वसवावे. पुढच्या विस्तारांमध्ये ‘वादळां’ची भर घालणारी ‘गॅदरिंग स्टॉर्म’ (२०१९) आपल्याकडे असेल, तर नदीचा पूर आणि ज्वालामुखी यांचाही हिशेब धरावा. पूर नासधूस करतो, पण त्याच गाळाने जमीन सुपीकही होते. किनाऱ्यावरील सखल घरे मात्र पुढे समुद्राची पातळी वाढल्यावर बुडू शकतात. पृथ्वीच्या तापमानवाढीवर मुलांशी बोलायचे असेल, तर यापेक्षा सोपा आरंभ क्वचित सापडेल.

सुरुवातीला सैन्य, की शेती?

नवखा खेळाडू पहिल्याच दिवशी भव्य आश्चर्ये उभारायला धावतो. ते टाळावे. आधी एक ‘स्काउट’ म्हणजे टेहळ्या पाठवावा. त्यानंतर गोफणधारी ‘स्लिंगर’ आणि मग दुसऱ्या गावासाठी ‘सेटलर’, असा क्रम बहुधा उपयोगी पडतो. पटावर रानटी टोळ्यांचे तळ असतात. त्यांचा टेहळ्या आपले गाव पाहून तळावर परतला, की हल्ले सुरू होतात. त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसताच त्याला वाटेतच गाठावे. घराची कडी वेळेवर लावण्यासारखेच हे आहे. एका टर्नची सावधगिरी पुढच्या वीस टर्नची दगदग वाचवते.

या खेळात ज्ञान मिळवण्याचे आडमार्गही आहेत. त्यांना ‘युरेका’ म्हणतात. किनाऱ्यावर गाव वसवले तर नौकानयनाचे ज्ञान, स्लिंगरने शत्रूची एखादी तुकडी मारली तर धनुर्विद्या, दुसऱ्या संस्कृतीची भेट झाली तर लेखनकला लवकर साधते. हातांनी केलेल्या कामातून डोक्याला ज्ञान मिळते, हे तत्त्व येथे नियमातच गुंफलेले आहे. पुढच्या संशोधनाचा युरेका कोणता, हे आधी पाहून काम आखणारा खेळाडू कमी श्रमात पुढे जातो.

गाव वाढत का नाही?

हा प्रश्न सर्वाधिक खेळाडूंना पडतो. त्याचे उत्तर तीन गोष्टींत असते : अन्न, निवारा आणि समाधान. प्रत्येक नागरिक दर टर्नला २ अन्न खातो. उरलेले अन्न साठून नवा नागरिक येतो. अन्न भरपूर असूनही हाउसिंग कमी असेल तर वाढ खुंटते. दोन्ही असूनही ‘अमेनिटी’, म्हणजे जिवाला विरंगुळा देणाऱ्या गोष्टी कमी पडल्या, तर लोक नाराज होतात आणि कामही मंदावते. मीठ, रेशीम, मसाले यांसारख्या चैनीच्या वस्तूंचा प्रत्येक प्रकार चार गावांना समाधान देतो. त्याच वस्तूचा दुसरा साठा मात्र घरात निरुपयोगी असतो. तो शेजारच्या राज्याला विकावा किंवा त्याबदल्यात आपल्याकडे नसलेली वस्तू घ्यावी.

भारताच्या बाजूने खेळणाऱ्यांना येथे एक खास सोय मिळते. भारताची म्हणून जी रचना खेळात आहे, ती पायऱ्यांची विहीर, म्हणजे आपल्याकडची बारव. तिच्यामुळे अन्न आणि हाउसिंग दोन्ही वाढते आणि शेजारी शेत असेल तर आणखी लाभ होतो. मुलांनी पटावर बारव बांधली असेल, तर सुटीत एखादी खरी बारव त्यांना अवश्य दाखवावी. पायऱ्या उतरताना जाणवणारा गारवा पडद्यावर मिळत नाही.

वस्तीची आखणी कशी करावी?

सहाव्या आवृत्तीत शहर एका घरात मावत नाही. विद्येचा ‘कॅम्पस’, व्यापाराची पेठ, उद्योगाचा भाग अशा पेठा शेजारच्या घरांवर पसरतात. १ लोकसंख्येला पहिली, ४ ला दुसरी, ७ ला तिसरी, अशा क्रमाने त्या उभारता येतात. संख्या मर्यादित असल्यामुळे जागेला महत्त्व येते. कॅम्पसला लागून असलेला प्रत्येक डोंगर विद्येत भर घालतो. व्यापारी पेठेला नदीकाठ मानवतो. म्हणून गाव वसवतानाच ‘येथे कॅम्पस, तेथे पेठ’ अशा खुणा नकाशावर करून ठेवाव्यात. खेळात त्यासाठी खुणेच्या पिनांची सोय आहे.

आणखी एक गोष्ट. सगळीकडे सगळे बांधू नये. विज्ञान, संस्कृती, धर्म, युद्ध असे विजयाचे निरनिराळे मार्ग आहेत. मध्ययुग येईपर्यंत आपला मार्ग ठरवावा आणि त्याला न लागणाऱ्या कामाला शांतपणे नकार द्यावा. काठिण्याची पातळी निवडतानाही हौसेपेक्षा विवेक बरा. ‘प्रिन्स’ या मधल्या पातळीवर संगणक आणि आपण समान असतो. त्यावरच्या पातळ्यांवर संगणकाला फुकटची मदत मिळते. सर्वांत कठीण ‘डेइटी’ पातळीवर तर तो एकाऐवजी तीन सेटलर घेऊनच उतरतो. तेथे हरणे हा बुद्धीचा कमीपणा नव्हे, हे मुलांना समजावून सांगावे.

सर्वांत अवघड प्रश्न : थांबावे कधी?

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. या खेळाच्या चाहत्यांत ‘अजून एकच टर्न’ हे वाक्य म्हणीसारखे रूढ आहे. इतके, की सामना जिंकल्यावर पडद्यावर त्याच शब्दांचे बटण येते. ही ओढ कोठून येते?

उत्तर खेळाच्या रचनेत आहे. समजा, शेत तीन टर्नमध्ये तयार होणार आहे, लेखनकला पाचमध्ये, सेटलर दोनमध्ये आणि गलबत चारमध्ये किनाऱ्याला लागणार आहे. ही सगळी कामे एकाच वेळी कधीच संपत नाहीत. एक संपते तेव्हा दुसरे एका टर्नवर आलेले असते. पुस्तकाला प्रकरण असते, सामन्याला मध्यंतर असते. येथे तसा विसावाच नाही. अपुरे काम पुरे झालेल्या कामापेक्षा मनाला अधिक चिकटून राहते, हे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले होते. या खेळात अपुऱ्या कामांची माळ कधी संपत नाही. त्यात नेहमीच्या गतीचा पूर्ण डाव ५०० टर्नपर्यंत जाऊ शकतो. तो एका बैठकीत संपवण्याचा हट्ट म्हणजे रात्र गमावणे होय.

या रात्रीची किंमत कमी नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. झोप अपुरी राहिली तर एकाग्रता, स्मरण आणि मनाचा तोल यांवर परिणाम होतो. नेमके हेच तीन गुण या खेळाचेही भांडवल आहेत. म्हणजे जागून खेळणारा सेनापती आपलेच सैन्य दुबळे करत असतो. रात्री एक वाजता पुकारलेले युद्ध सकाळच्या उजेडात किती अविचारी वाटते, हे मुलालाच पाहू द्यावे. उपदेशापेक्षा ते अधिक पटते.

घरातला तह

येथे या खेळाची एक मोठी सोय पालकांनी ध्यानात घ्यावी. इतरांबरोबर थेट चालणाऱ्या सामन्यातून मधेच उठले, तर सोबत्यांचे नुकसान होते. एकट्याने खेळलेल्या सिव्हिलायझेशनमध्ये तसे काही घडत नाही. डाव कोणत्याही टर्नला जतन करता येतो आणि उद्या तेथूनच पुढे नेता येतो. त्यामुळे ‘आत्ता थांबताच येत नाही’ ही सबब येथे टिकत नाही. त्याचबरोबर न सांगता वायर उपटण्याचा अधिकारही पालकांना उरत नाही. डाव जतन करायला मिनिटभर पुरते; तेवढे मिनिट द्यावे.

तह करताना पुढील कलमे उपयोगी पडतील.

मर्यादा टर्नमध्ये न ठरवता घड्याळावर ठरवावी. आरंभीचा टर्न काही सेकंदांत संपतो, पण मोठ्या साम्राज्याचा एक टर्न दहा मिनिटेही घेतो. ‘वीस टर्न’ म्हणजे किती वेळ, हे कोणालाच सांगता येत नाही.

गजर दोनदा लावावा. पहिला पंधरा मिनिटे आधी. त्यानंतर नवे युद्ध, नवे गाव, नवा करार असे काही सुरू करू नये. दुसरा गजर झाला की डाव जतन करावा.

उठण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्यात : काय चालू आहे, पुढे काय करायचे, धोका कोठे आहे. उरलेली कामे कागदावर उतरवली की ती मनात घोळत राहत नाहीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधील एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना लवकर झोप लागल्याचे दिसले होते.

झोपेआधीचा एक तास पडद्याविना असावा. खेळताना दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवर नजर न्यावी. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. टर्न संपवल्यावर संगणक विचार करत असतो, तो वेळ उभे राहून पाठ ताणण्यासाठी जणू राखूनच ठेवलेला आहे.

काळजी केव्हा करावी?

खेळात रमणे हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे, पण तिच्या कसोट्या कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, खेळाला इतर सर्व गोष्टींहून अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, हे तिन्ही असावे लागते. त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो आणि हे सहसा १२ महिने टिकलेले असावे लागते. दिवाळीच्या सुटीत दोन रात्री जागलेल्या मुलाला हे नाव देऊ नये. मात्र शाळा बुडू लागली, मित्र तुटले, जेवण-अंघोळ टळू लागली किंवा थांबवल्यावर संताप अनावर होऊ लागला, तर वर्षभर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. खेळाच्या आड उदासी किंवा शाळेतला एखादा त्रास दडलेला आहे का, हेही त्या वेळी कळते.

पालकांनो, एक काम आजच करण्याजोगे आहे. संगणकाशेजारी खुर्ची घ्या आणि मुलाला विचारा, ‘तुझी राजधानी कोठे आहे, आणि तेथेच का वसवलीस?’ तो नदी दाखवील, डोंगर दाखवील, शेजारच्या राजाची तक्रारही करील. ज्याच्या राज्याची आपण अशी विचारपूस केली, तो आपण सुचवलेला तहही ऐकून घेतो. गजर किती वाजताचा लावायचा, हे मग त्यालाच ठरवू द्या.