क्षणार्धाचा निवाडा

कबड्डीत चढाईस नियमाने अवघे 30 सेकंद मिळतात. परंतु चढाईपटूने पाय लांबविताच त्याचा घोटा धरावा की मागे सरावे, हा निवाडा कोपरारक्षकास निमिषार्धात करावा लागतो. डोळ्यांना दिसलेल्या साध्या खुणेस प्रतिसाद देण्यासही मनुष्यास सुमारे 0.2 सेकंद लागतात, आणि ही मुदत सरावाने फारशी घटत नाही. मग मुरलेला गडी वेळ आणतो कोठून? केवळ पायाकडे न पाहता, कंबर कोठे वळली, भार कोणत्या पायावर कलला, यांवरून तो पुढील हालचाल आधीच ताडतो. शेजाऱ्याचा हात हाती असल्याने साखळीतील जोडीदारास त्याचा मनोदय स्पर्शानेच कळतो. चित्रफीत ऐन क्षणापूर्वी थांबवून केलेल्या प्रयोगांत, निरनिराळ्या खेळांतील निष्णातांचे अंदाज नवशिक्यांहून सरस ठरले आहेत. वाचकांनी पुढील सामन्यात चढाईपटूऐवजी कोपऱ्यातील गड्याची नजर अवश्य न्याहाळावी.