पेणमधील पक्षांतरे : 2004 ते 2024

पेण विधानसभा मतदारसंघात पेण आणि सुधागड हे तालुके येतात. रोह्याचा नागोठणे भागही त्यालाच जोडलेला आहे. शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) हा जुना बालेकिल्ला. मोहन पाटील येथून अनेकदा आमदार झाले. 2004 मध्ये मात्र काँग्रेसच्या रविशेठ पाटलांनी ही जागा जिंकली, पुढे ते मंत्रीही झाले.

त्यानंतरची वर्षे सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) लढ्याची होती. महामुंबई सेझसाठी शेतजमिनी घेण्याला विरोध पेटला आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. पिकत्या जमिनीच्या मालकाला असे विचारले जाणे ही मोठीच गोष्ट होती. या लढ्यात शेकाप शेतकऱ्यांसोबत होता. 2009 च्या निवडणुकीत मोहन पाटलांचे पुत्र धैर्यशील पाटील शेकापतर्फे रविशेठ यांच्याविरुद्ध सुमारे साडेसात हजार मतांनी निवडून आले. 2014 मध्ये त्यांनी रविशेठ यांना पुन्हा हरवले, पण फरक चार हजारांवर आला.

दोन पराभवांनंतर रविशेठ भाजपमध्ये गेले. 2019 मध्ये तिसऱ्यांदा तेच दोघे समोरासमोर आले. या वेळी रविशेठ सुमारे 24 हजार मतांनी जिंकले. एवढा फरक केवळ पक्षांतराने पडला असे म्हणता येत नाही. 2014 मध्ये वेगळी लढलेली शिवसेना 2019 मध्ये भाजपसोबत युतीत होती.

2023 मध्ये धैर्यशील पाटीलही भाजपमध्ये गेले. शेकापला हा घाव खोल बसला, कारण पेणमध्ये पक्ष आणि पाटील घराणे वेगळे काढणे अवघड होते. रविशेठ आणि धैर्यशील या दोघांनीही आमदारकी हातात नसताना पक्ष बदलला, त्यामुळे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याचा प्रश्नच आला नाही.

शेजारच्या रोह्याचे सुनील तटकरे यांची वाट निराळी. 1995 मध्ये काँग्रेसचे आमदार झालेले तटकरे 1999 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. 2014 मध्ये लोकसभेला शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून ते अवघ्या 2,110 मतांनी हरले. 2019 मध्ये त्यांनी गीते यांना हरवले, तेव्हा शेकाप त्यांच्या बाजूला होता. राष्ट्रवादीच्या 2023 च्या फुटीत ते अजित पवारांसोबत राहिले आणि 2024 मध्ये पुन्हा खासदार झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धैर्यशील पाटील भाजपतर्फे राज्यसभेवर गेले आणि नोव्हेंबरमध्ये रविशेठ यांनी पेणची आमदारकी राखली.