तुर्कस्तानांतील तंबाखूचा परकी मक्ता व त्याचे कागद

आमच्याकडील जुन्या महसुली कागदांत दफ्तर, इजारा, रुखसत हे शब्द पदोपदीं आढळतात. थोड्याशा उच्चारभेदानें हेच शब्द उस्मानी तुर्कांच्या कारभारांतही होते. तेथील तंबाखूच्या मक्त्याचे कागद वाचतांना मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. तिचाच येथें थोडक्यांत विचार करूं.

१८७५ सालीं उस्मानी सरकारनें परकी कर्जाचें अर्धें व्याज रोखून धरलें आणि युरोपांतील सावकारांत त्याची पत बुडाली. २० डिसेंबर १८८१ च्या हुकमानें मीठ, मद्य, मुद्रांक, तंबाखू इत्यादि बाबींचें उत्पन्न धनकोंच्या मंडळाकडे लावून देण्यांत आलें. पैकीं तंबाखूचा मक्ता १८८३ च्या करारानें ‘रेजी’ नामक कंपनीस ३० वर्षांसाठीं मिळाला. भांडवल उस्मानी बँकेचें (ती नांवाचीच उस्मानी, पैसा फ्रेंच व इंग्रज धनिकांचा) आणि व्हिएन्ना व बर्लिन येथील पेढ्यांचें. कंपनीनें सालीना ७,५०,००० लिरा भरावयाचे होते. १४ एप्रिल १८८४ पासून अंमल बसला.

तंबाखू लावण्यास कंपनीचा परवाना लागे, आणि अर्ध्या दोनुमाहून, म्हणजे सुमारें साडेचार गुंठ्यांहून, लहान तुकड्यांत लागवडीस मनाई होती. पीक कंपनीच्या वखारींत घातलेंच पाहिजे. देशांत खपणाऱ्या मालास गिऱ्हाईक एकच, तें कंपनी. परदेशीं जाणारा माल तेवढा व्यापाऱ्यांस विकतां येई. त्यामुळें सामसून, कवाला इकडील उंची पान निर्यातीकडे वळलें. शेतकऱ्यांस बिनव्याजी तगाई देण्याचें कलमही करारांत होतें; मक्तेदारास सर्वस्वीं दोष देणाऱ्यांनीं तें विसरूं नये.

तथापि व्हावयाचा तो परिणाम झालाच. चोरटा व्यापार इतका माजला कीं, कंपनीस ‘कोल्जू’ नांवाचे हजारों सशस्त्र पहारेकरी ठेवावे लागले. त्यांच्या व गांवकऱ्यांच्या चकमकींत उभय पक्षांचीं माणसें पडलीं. सरकारी अंमलदारही पुष्कळदां डोळेझाक करीत. पहिलीं कांहीं वर्षें कंपनीस तोटाच आला.

सावधगिरी ती येथेंच. कंपनीच्या वहींत पीक घटलेलें दिसलें म्हणून शेत पडीत राहिलें असें समजूं नये. पीक रात्रीं दुसऱ्या वाटेनें गेलें असण्याचा संभव तितकाच आहे. परवान्यावर ज्याचें नांव नाहीं तो तंबाखू लावीत नव्हता, असेंही म्हणतां येत नाहीं. वखारीच्या वह्यांशेजारीं जप्तीचे कागद व ग्रामस्थांचे अर्ज मांडल्याशिवाय या धंद्याचें खरें माप लागणार नाहीं. असल्या फुटकळ अर्जांस संग्राहकांनीं रद्दींत टाकूं नये, एवढी आमची विनंति.

१९१३ सालीं सरकारास १५ लक्ष लिरा कर्ज देऊन कंपनीनें आणखी १५ वर्षांची मुदत मिळविली. पण ती पुरी होण्यापूर्वीं सल्तनतच संपली. १९२३ च्या इझ्मीर येथील अर्थपरिषदेंत शेतकऱ्यांनीं रेजी मोडण्याची मागणी केली व १९२५ त नव्या प्रजासत्ताकानें ती विकत घेऊन बंद केली. मक्ता मात्र मोडला नाहीं. तो सरकारनें स्वतःकडे घेतला, आणि इस्तंबूलच्या जिबाली भागांतील कंपनीचा सिगारेटचा कारखानाही त्याबरोबर सरकारकडे गेला.