इमारतीआधी जागेची आखणी

पेढीवर माल कोठे ठेवावा, हे आपल्या घरातील मूल लहानपणीच शिकते : रोज लागणारा हाताशी, क्वचित लागणारा मागे. बांधकामाच्या जागेवर मात्र हा विचार अनेकदा राहून जातो. पायाची माती जेथे टाकली, तेथेच पुढे सळया उतरवायच्या असतात. मग तीच माती पुन्हा उचलावी लागते व मजुरीही पुन्हा मोजावी लागते.

‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, अर्थात बीआयएम, हे यावरील साधन आहे. त्यात संगणकावर इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती रचतात. तिला वेळापत्रक जोडले की काळ ही चौथी मिती होते. खर्च जोडला की पाचवी. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने ही पंचमितीय पद्धत अवलंबिली.

जागेची आखणी करताना क्रेन, सिमेंटचे गोदाम, सळया कापण्याची जागा, ट्रकचा रस्ता हेही प्रतिकृतीत मांडतात. पाया, मजले, गिलावा अशा प्रत्येक टप्प्याचे निराळे चित्र दिसते. क्रेनचा हात मजुरांच्या वाटेवरून फिरतो काय, हे आधीच कळते आणि वाट बदलता येते. मात्र रोजमेळाप्रमाणे ही माहितीही नित्य भरावी लागते. अन्यथा चित्र खोटे ठरते.

पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावी, असे ईर्यासमिती सांगते. ती मुनींची चर्या. तरी बांधकाम काढणाऱ्या श्रावकाने तिच्यातील सावधपणा अवश्य घ्यावा. बुडालेला पैसा पुन्हा मिळविता येतो. मजुराचा गेलेला जीव कोणत्याही वहीत जमा होत नाही.