खांब उभे, भिंती आडव्या

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर हादरला. हजारो माणसे दगावली. उजाडल्यावर एक चमत्कारिक दृश्य दिसले. कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या होत्या, पण माळवद पेलणारे लाकडी खण तसेच उभे होते! असे का व्हावे?

अशा घरात मातीच्या छताचा भार खांब व तुळया घेतात. भिंत म्हणजे नुसता आडोसा. पण हा आडोसा दोन-अडीच फूट जाड! आतबाहेर दगड, मध्ये माती व कपच्या. दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड बहुधा नसतोच. जमीन हलली की बाजू सुटल्या.

आता हिशेब करा. धक्क्याचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. पाऊण मीटर जाडीच्या दगडी भिंतीचा एक चौरस मीटर दीड टनाच्या आसपास भरतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या विटांचा सुमारे दोनशे किलो, लिंपलेल्या कुडाचा त्याहून कमी. अडीच सेंटिमीटर सागवानी फळीचा तर अवघा सोळा-सतरा किलो.

मग खणांत फळ्याच बसवाव्यात? नांदेड जिल्ह्यात किनवटला साग आहे खरा, पण त्याचा भाव एकदा विचारून पाहा! शिवाय वैशाखात पातळ फळीआड बसवत नाही. जाड भिंत ऊन थोपवते. कूड स्वस्त, पण वाळवी व पाऊस त्याचे वैरी. काश्मीरात लाकडी चौकटीत तिरप्या दांड्या घालून लहान कप्पे पाडतात आणि त्यांत विटा-दगड भरतात.

दांड्या तिरप्याच का? चार काड्यांचा चौकोन दोऱ्याने बांधा व कोपऱ्यातून ढकला. मग कर्णावर पाचवी काडी बांधून पुन्हा ढकला.