दोन अक्षरे खोडण्यापूर्वी

ब्रिटनमधील किंवा अमेरिकेतील जुन्या शस्त्रांच्या बाजारात ली-एनफील्ड जातीची .303 रायफल अपेक्षेपेक्षा स्वस्त मिळू लागली, तर जाणता ग्राहक हरखून जाण्याआधी तिची नळी, बोल्ट आणि दस्ता न्याहाळतो. त्यांवर तो दोन अक्षरे शोधीत असतो : ‘डी.पी.’. ‘ड्रिल पर्पज’, अर्थात केवळ कवायतीसाठी.

दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने ‘नंबर 4’ या एकाच प्रकाराच्या चाळीस लाखांहून अधिक रायफली ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका येथे तयार झाल्या. त्यांतील झिजलेल्या अथवा तपासणीत नापास ठरलेल्या अनेक रायफली मोडीत न काढता रंगरुटांच्या आणि शाळकरी कॅडेटांच्या हाती देण्यात आल्या. खांद्यावर घेणे, सलामी देणे, बोल्ट मागेपुढे करणे एवढेच शिकवावयाचे, तर गोळी सुटण्याची आवश्यकताच नव्हती. (आपल्याकडील राष्ट्रीय छात्रसेनेत .303 घेऊन ‘सलामी शस्त्र’ केलेल्यांना तिच्या चार किलोंचा भार वेगळा सांगावयास नको.) काहींची नळी भोके पाडून निकामी केलेली असे, काहींची फायरिंग पिन कापलेली असे, काहींवर मात्र अक्षरांखेरीज काहीच केलेले नसे.

खरी मेख येथेच आहे. ती अक्षरे निर्णय सांगतात, कारण सांगत नाहीत. गरजेपेक्षा जास्त झाल्या म्हणून उत्तम रायफलींवरही हा शिक्का बसला. आणि नेमका याच गोष्टीचा आधार घेऊन विक्रेता ‘बोल्ट बदला, की झाले’ असे बेलाशक सांगतो. परंतु बोल्टचे तोंड आणि काडतुसाच्या कडेची बैठक यांतील अंतर 0.064 ते 0.074 इंच एवढ्याच मर्यादेत असावे लागते. ते वाढले तर काडतुसाचे पितळ फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळतो. भेग गेलेले पोलाद तर नव्या बोल्टने सांधत नाही. हे ठाऊक असूनही कानशीने अक्षरे घासून टाकणाऱ्यास व्यापारी म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

कायद्याचीही गफलत होते. शिक्का आहे म्हणून ब्रिटनमध्ये ती रायफल निर्धोक शोभेची वस्तू ठरत नाही. 1988 च्या सुधारित कायद्यानुसार प्रूफ हाऊसची खूण व प्रमाणपत्र असले, तर ती निकामी मानली जाते. ते नसेल तर घेणाऱ्यास परवान्याचा प्रश्न सुटलेला नसतो, आणि माळ्यावर सापडलेल्या रायफलीचा वारसही त्यातून सुटत नाही.

संग्राहकांतील एका वर्गाला मात्र ही रायफल पुन्हा ‘लढाऊ’ करण्याची हौस असते. पांढरे पट्टे खरवडायचे, नवे लाकूड बसवायचे, चकाकी आणायची. रणांगणावरच्या रायफली संग्रहालयांतून पुष्कळ आहेत. सोळा वर्षांच्या मुलांनी वर्षानुवर्षे जमिनीवर आपटून गुळगुळीत केलेला दस्ता त्या मानाने दुर्मीळ, आणि तो एकदा बदलला की परत मिळत नाही.