आवाज सगळ्यांकडे असतो, धंदा कोणाचा चालतो?

या आठवड्याचा व्हिडिओ निवेदकाच्या व्यवसायावर आहे. अंबरनाथ-बदलापूरकडची टेनिस क्रिकेट स्पर्धा असो नाहीतर उल्हासनगरच्या हॉलमधलं लग्न, माइकवर माणूस लागतोच. चांगला आवाज पुष्कळांकडे असतो, पण त्यावर वर्षानुवर्षं घर चालवणारे थोडेच. असं का? उत्तर अमीन सयानींच्या करिअरमध्ये सापडतं.

१. दुसऱ्यांनी सोडलेलं काम घेतलं

१९५२ साली आकाशवाणीवर फिल्मी गाणी जवळजवळ बंद झाली होती. लोकांना तर गाणी हवीच होती. ही मागणी रेडिओ सिलोनने ओळखली आणि 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, लागायचा कोलंबोहून. लिहायचं, बोलायचं, वर श्रोत्यांची पत्रंही तपासायची आणि मिळणार आठवड्याला २५ रुपये! अनुभवी लोकांना ते परवडेना. विशीतल्या सयानींनी घेतलं. त्याआधी आकाशवाणीच्या हिंदी निवेदकाच्या चाचणीत ते नापास झाले होते, कारण उच्चारांवर गुजराती-इंग्रजीची छाप. म्हणजे 'माझं हिंदी तसं नाही' हे कारण आता चालणार नाही!

२. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते वाचलं

पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं ते सांगायचे. पत्रं वाचता वाचता समोरचा माणूस कोण आहे, त्याला काय आवडतं हे कळत गेलं. म्हणून भाषा सोपी, बोलणं घरातल्यासारखं, आणि 'बहनों और भाइयों' म्हणताना बहिणी आधी. शिवाय वार ठरलेला, बुधवार. लोकांना सवय लागली. नाव बदललं, स्टेशन बदललं, तरी गीतमाला १९९४ पर्यंत टिकली. तब्बल ४२ वर्षं!

३. एकाच कामावर बसले नाहीत

१९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. सयानींनी जाहिराती केल्या, कंपन्यांसाठी प्रायोजित कार्यक्रम बनवले. आवाज तोच, पण विकायला माल अनेक. २० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, तोवर त्यांचा आवाज ही एक ओळख होऊन बसली होती.

४. मैदानावर माहितीच विकली जाते

खेळाच्या समालोचनात नुसता गोड आवाज पुरत नाही. मराठी क्रिकेट समालोचनाचे आद्य मानले जाणारे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते. चेंडू कुठे पडला, फलंदाज का चुकला, हे त्यांना आतून माहीत होतं. रेडिओवर चित्र दिसत नाही, ते शब्दांनी उभं करावं लागतं. तुम्हाला कबड्डी बोलायची असेल तर आधी बोनस आणि सुपर टॅकल कधी मिळतात ते पाठ करा. खेळाडूंची नावं सामन्याआधीच विचारून घ्या. नाव चुकलं की आयोजक पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एका सामन्याचं दहा मिनिटं समालोचन मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग डोळे मिटून ऐका. स्कोअर कळतो का?

२. मागच्या तीन कार्यक्रमांच्या आयोजकांना फोन करून विचारा, 'काय कमी पडलं?' आलेलं उत्तर वहीत लिहा.

३. निवेदनाशिवाय त्याच आवाजातून अजून कोणती दोन कामं देता येतील? दुकानाची रिक्षावरची जाहिरात, शाळेचं स्नेहसंमेलन, काहीही. दर ठरवून कागदावर मांडा.

सुरुवातीला पैसे कमी मिळतील. पण त्या कामातून गिऱ्हाईक कळत असेल, तर ते काम घ्या. नुसतेच पैसे कमी आणि शिकायला काही नाही, तर सरळ नाही म्हणा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!